दावरसाहेब, दोन वेळा

परवा शनिवारी कोल्हापुरात घरी होतो. मिसळ खाता खाता (तिसऱ्यांदा कट मागून झाला होता) पानसरे खटल्याचा विषय निघाला आणि मित्र भडकलाच. "खुनाच्या केसमध्ये जामीन? चेष्टा हाय काय!"

त्याचा राग समजतो. १६ फेब्रुवारी २०१५ ला सकाळी फिरायला गेलेल्या कॉ. गोविंद पानसरे आणि उमाताईंवर आमच्याच गावात गोळ्या झाडल्या गेल्या. २० तारखेला पानसरे गेले. पुढे २०१८-१९ मध्ये अटक झालेल्या सहा आरोपींना मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये जामीन दिला. मुख्य कारण काय, तर इतकी वर्षं आत काढूनही खटला लवकर संपायची चिन्हं नाहीत.

मला मात्र टिळक आठवले.

२७ जुलै १८९७ च्या रात्री टिळकांना राजद्रोहाच्या आरोपाखाली मुंबईत अटक झाली. मॅजिस्ट्रेटने जामीन नाकारला. उच्च न्यायालयात पार्सन्स आणि रानडे (हो, आपले न्यायमूर्ती रानडेच!) यांनीही नाकारला. मग ४ ऑगस्टला न्या. बद्रुद्दीन तय्यबजींपुढे पुन्हा अर्ज झाला. टिळकांच्या बाजूने उभे होते बॅरिस्टर दिनशा दावर. तय्यबजींनी सरळ प्रश्न घेतला: हा माणूस खटल्याला हजर राहील की नाही? आरोप गंभीर आहे हे खरंच. पण खटला उभा राहायला महिनाभर आहे. तोवर आत ठेवला आणि शेवटी निर्दोष सुटला तर? शिवाय बचावाची तयारी तुरुंगात बसून कशी करायची? जामीन मिळाला. स्वतःचा ५० हजारांचा जातमुचलका आणि २५-२५ हजारांचे दोन जामीनदार. १८९७ चे पन्नास हजार, हिशेब करून बघा!

टिळक सप्टेंबरमध्ये हजर राहिले, ज्युरीने ६ विरुद्ध ३ असं दोषी ठरवलं आणि १८ महिन्यांची सक्तमजुरी झाली. म्हणजे शिक्षा झाली, पण जामिनाने आपलं काम चोख केलं होतं. जामीन म्हणजे निर्दोष असल्याचं सर्टिफिकेट नव्हे, हे मित्राला सांगायचं होतं ते हेच.

आता गंमत बघा. १९०८. पुन्हा टिळक, पुन्हा राजद्रोह. जामिनाचा अर्ज घेऊन उभे राहिले बॅरिस्टर जीना. आणि खुर्चीवर न्यायमूर्ती कोण? दिनशा दावर! अकरा वर्षांपूर्वी ज्या माणसासाठी जामीन मागितला, त्यालाच त्यांनी तो नाकारला. लगेच दावरांना शिव्या घालायचा मोह होतो. पण दोन महिन्यांपूर्वीच मुझफ्फरपूरला बाँब पडला होता, टिळकांच्या नावावर आता एक शिक्षा होती, आणि खटला अवघ्या दहा-बारा दिवसांवर होता. मला या तिन्हीतलं शेवटचं कारणच काय ते पटतं. बाकी दोन ऐकली की सरकारची भीती कोर्टात शिरलीय असं वाटतं. (त्याच सुमारास आपल्या कोल्हापूरच्या 'विश्ववृत्त' मासिकावरही राजद्रोहाचा खटला भरला. प्रा. विजापूरकर आणि वामन मल्हार जोशी तीन-तीन वर्षं आत गेले.)

आजही सेशन्स किंवा हायकोर्ट गंभीर गुन्ह्यात हेच बघतं: प्रथमदर्शनी पुरावा किती, शिक्षा केवढी, पळेल का, साक्षीदारांना दमात घेईल का. आणि किती दिवस आत आहे. तय्यबजींना एक महिना जास्त वाटला होता. आपण वर्षं मोजतो. म्हणून मला राग जामिनाचा येत नाही, दहा वर्षं उलटून न संपणाऱ्या खटल्याचा येतो.

हे सगळं ऐकून मित्र शांतपणे म्हणाला, "टिळक अग्रलेख लिहून आत गेलते. हितं माणूस मेलाय. साक्षीदाराला भ्या वाटत नसंल?"

यावर माझ्याकडे धड उत्तर नव्हतं. जामिनाच्या अटी असतात, हजेरी असते, अटी मोडल्या तर जामीन रद्द होतो वगैरे सांगितलं. त्याने मान हलवली, पण पटलं असं काही दिसलं नाही.

ऑगस्ट २०२५ पासून हायकोर्टाचं सर्किट बेंच इथेच, सीपीआरसमोरच्या जुन्या कोर्टात बसतं. मिसळ खाऊन दोघं त्याच रस्त्याने गाडी काढून घरी आलो. बिल त्यानेच दिलं.