गॅरेजसाठी रिपेअर इन्फर्मेशन सॉफ्टवेअर घ्यायचंय? आधी गेल्या महिन्याची जॉबकार्डं काढा

यवतमाळ शहराला लागून असलेलं लोहारा (धाराशिव जिल्ह्यातलं नव्हे, हे यवतमाळचं) एमआयडीसीसाठी ओळखलं जातं. रेमंड युको डेनिमचा कारखाना इथलाच. कारखाना म्हटला की मालाच्या गाड्या आल्या, कामगारांच्या दुचाकी आल्या आणि मागोमाग गॅरेजही आली. कापसाच्या हंगामात पिकअप एक दिवस उभी राहिली तर मालकाचं भाडं बुडतं.

अशा पिकअपचा ‘चेक लाइट’ लागतो. मेकॅनिक स्कॅनर लावतो, स्क्रीनवर कोड येतो आणि मग बऱ्याचदा एकच वाक्य ऐकू येतं: “हे शोरूमलेच न्या लागते, भाऊ.”

वीस-वीस वर्षं इंजिन उघडणारा माणूस असं का म्हणतो? हाताला काम येत नाही म्हणून नाही. त्या गाडीची माहिती त्याच्याकडे नसते म्हणून. ही माहिती विकणाऱ्या सॉफ्टवेअरला रिपेअर इन्फर्मेशन सॉफ्टवेअर म्हणतात. ते निवडायचं कसं, ते बघूया.

स्कॅनर आहे की! मग वेगळं सॉफ्टवेअर कशाला?

सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. स्कॅनर तक्रार कुठून आली ते सांगतो. दुरुस्ती कशी करायची ते बहुतेक वेळा सांगत नाही.

एक उदाहरण घेऊ. कोड आला पी०३३५. याचा अर्थ क्रँकशाफ्ट पोझिशन सेन्सरच्या सर्किटमध्ये गडबड आहे. लक्षात घ्या, कोड ‘सर्किट’ म्हणतोय, ‘सेन्सर खराब’ असं म्हणत नाहीये. सेन्सर गेलेला असू शकतो, वायर उंदराने कुरतडलेली असू शकते किंवा कनेक्टरमध्ये पाणी शिरलेलं असू शकतं. माहिती नसेल तर मेकॅनिक सरळ सेन्सर बदलतो. लाइट परत लागला की गिऱ्हाइकाचे पैसेही गेले आणि विश्वासही गेला.

माहिती असेल तर वायरिंग डायग्राम उघडायचा आणि कोणत्या पिनवर काय यायला हवं ते बघून मल्टीमीटर लावायचा. सेन्सर दोन वायरचा इंडक्टिव्ह प्रकारचा असेल तर त्याचा रेझिस्टन्स मोजता येतो. तीन वायरचा हॉल प्रकारचा असेल तर रेझिस्टन्स मोजून काही कळत नाही. तिथे सप्लाय, अर्थ आणि सिग्नल तपासावे लागतात. तुमच्या समोरच्या गाडीत यातला कोणता आहे, एवढी एक ओळ मिळाली तरी अर्धा दिवस वाचतो.

वायरिंग डायग्राम, बोल्ट किती टॉर्कवर आवळायचा, टायमिंगच्या खुणा कुठे आहेत, कोड आल्यावर तपासणी कोणत्या क्रमाने करायची, कोणतं ऑइल आणि किती, फ्यूज बॉक्समधला कोणता फ्यूज कशाचा: हे सगळं म्हणजे रिपेअर इन्फर्मेशन.

ही गरज अचानक का वाढली?

१ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ लागू झालं. डिझेल गाड्यांमध्ये धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, म्हणजे डीपीएफ, सर्रास आला. काही गाड्यांमध्ये युरियाचं द्रावण फवारणारी यंत्रणाही आली. डीपीएफ चोंदला की नुसता कोड पुसून भागत नाही. फिल्टरमधली काजळी जाळावी लागते, त्यासाठी ठरावीक तापमान आणि अटी लागतात, आणि आधी तो चोंदला कशामुळे हे शोधावं लागतं. अनेक कॉमन रेल डिझेल गाड्यांत नवा इंजेक्टर बसवल्यावर त्याच्यावर छापलेला कोड ईसीयूमध्ये भरावा लागतो. पान्याने हे होत नाही.

हे फक्त कारपुरतं राहिलं नाही. १ जानेवारी २०२३ पासून ५० एचपीपेक्षा मोठ्या ट्रॅक्टरना ट्रेम-४ नियम लागू झाले आणि ट्रॅक्टरच्या बॉनेटखालीही इलेक्ट्रॉनिक्स वाढलं. एप्रिल २०२३ पासून दुचाकींसाठी ओबीडी-२चे नियम आले. दुचाकींचा कनेक्टर कारसारखा १६ पिनी नसतो, बीएस-६ दुचाकींत ६ पिनी असतो. म्हणजे कारसाठी घेतलेलं सगळं दुचाकीला चालेल, हेही खरं नाही.

नावं मोठी आहेत, पण गाडी तुमची आहे का त्यात?

जगात या क्षेत्रातली मोठी नावं म्हणजे अमेरिकेतलं ऑलडेटा आणि मिचेल वनचं प्रोडिमांड, युरोपातलं ऑटोडेटा आणि हेन्सप्रो, आणि बॉशचं ईएसआयट्रॉनिक. यूट्यूबवर परदेशी मेकॅनिक हीच वापरताना दिसतात, आणि आपल्यालाही वाटतं की हेच घ्यावं.

थांबा. अमेरिकन सॉफ्टवेअर मुळात अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या गाड्यांसाठी बनलेली आहेत. आता लोहारा परिसरातल्या गॅरेजसमोर उभ्या गाड्या आठवा: बोलेरो पिकअप, टाटा एस, अल्टो, वॅगनआर. यातली एकही तिथे विकली जात नाही. तिथल्या शोधचौकटीत चेसिस नंबर टाकला तर सॉफ्टवेअर गाडी ओळखणारच नाही, अशीच शक्यता जास्त. आपल्याकडचा १७ अंकी-अक्षरी चेसिस नंबर साधारण ‘एम’ने सुरू होतो. महिंद्राचा ‘एमए१’, मारुतीचा ‘एमए३’, टाटाचा ‘एमएटी’.

युरोपीय सॉफ्टवेअरचं चित्र थोडं वेगळं आहे, कारण काही इंजिनं दोन्हीकडे सारखी आहेत. सगळ्यांत प्रसिद्ध उदाहरण म्हणजे फियाटचं १.३ मल्टिजेट डिझेल. हेच इंजिन मारुतीच्या स्विफ्टमध्ये, टाटाच्या इंडिका व्हिस्टामध्ये आणि फियाटच्या पुंटोमध्ये वेगवेगळ्या नावांनी आलं. पुण्याजवळच्या रांजणगावातही ते बनायचं. त्यामुळे त्याच्या टायमिंग चेनची युरोपीय माहिती इथेही कामी येते. पण वायरिंग? तिथे भरवसा ठेवू नका. फ्यूज बॉक्सची जागा, वायरचे रंग, ईसीयूची आवृत्ती, सगळं बदललेलं असू शकतं. इंजिन तेच म्हणून गाडी तीच, हा हिशोब इथे चुकतो.

लाँच किंवा ऑटेलसारख्या चिनी कंपन्यांचे स्कॅनर भारतीय गाड्यांची यादी दाखवतात. ती यादी नीट वाचा. ‘महिंद्रा’ हे नाव दिसलं म्हणजे बीएस-६ बोलेरोचा एबीएस उघडतो असं नाही. काही मॉडेलमध्ये फक्त कोड वाचता येतात, काहींमध्ये लाइव्ह डेटा दिसतो आणि काहींमध्येच इंजेक्टर कोडिंग किंवा डीपीएफची सक्तीची सफाई करता येते.

मग निवडायचं कसं?

माझ्या मते ब्रोशर बाजूला ठेवावं आणि गेल्या महिन्याची जॉबकार्डं काढावीत. जॉबकार्ड नसतील तर वही. वहीही नसेल तर आजपासून महिनाभर लिहा, सॉफ्टवेअर महिनाभराने घेतलं तरी बिघडत नाही. मॉडेल, वर्ष, इंधन, तक्रार, आणि माहितीअभावी परत पाठवलेल्या गाड्यांपुढे खूण. निर्णय या खुणांवरून घ्यायचा, कारण जी कामं तुम्हाला तशीही जमतात त्यांच्यासाठी पैसे मोजण्यात अर्थ नाही.

आता विक्रेत्याला बोलवा आणि खुणेच्या गाड्यांपैकी पाच काढून त्याच्यासमोर ठेवा. “हिचा इंजिन वायरिंग डायग्राम उघडून दाखवा.” “हिच्या सिलिंडर हेडचा टॉर्क आणि आवळायचा क्रम दाखवा.” त्याच्या मोबाइलमधला डेमो व्हिडिओ मानू नका. तुमच्या गाडीवर, तुमच्या गॅरेजमध्ये, तुमच्या नेटवर बघा. पत्र्याच्या शेडखाली रेंज गेली तर माहिती ऑफलाइन उघडते का, हेही तेव्हाच कळेल. पाचपैकी दोनच उघडल्या तर किंमत कितीही कमी असो, ते तुमच्या कामाचं नाही.

ट्रक-बसचं काम असेल तर वेगळं विचारा. त्यांची विद्युत यंत्रणा २४ व्होल्टची असते, आणि जड वाहनांचा डेटा बऱ्याचदा स्वतंत्र परवान्यात मोडतो.

पैशांचा हिशोब साधा आहे. समजा वर्षाचं शुल्क २४,००० रुपये आहे. म्हणजे महिन्याला २,०००. पूर्वी परत पाठवावी लागायची अशी गाडी महिन्यात चार वेळा तुमच्याकडेच दुरुस्त झाली, तर प्रत्येक कामावर ५०० रुपये पडले. तेवढे मजुरीत निघतात का? निघत असतील तर घ्या. दोन-तीन गॅरेजवाले मिळून घ्यायचा विचार असेल तर परवाना किती उपकरणांवर चालतो ते आधी लेखी विचारा.

दुसऱ्या वर्षाचा प्रश्न मात्र बहुतेक जण विसरतात. शुल्क भरलं नाही तर काय होतं? काही उपकरणं जुन्या डेटावर चालत राहतात, काहींमध्ये बरंच काही बंद होतं. हेही बिल फाडण्याआधी लेखी घ्यावं.

पेनड्राइव्हमधलं ‘फुल व्हर्जन’?

कॉपी केलेली सॉफ्टवेअर स्वस्तात मिळतात. कायदा बाजूला ठेवला तरी (तो ठेवू नये) त्यात मेकॅनिकचाच तोटा आहे. डेटा जुना असतो, बीएस-६ गाड्या क्वचित असतात, आणि सोबत व्हायरस येऊ शकतो. चुकीच्या टॉर्कचा आकडा वाचून हेड बोल्ट तुटला तर तक्रार कोणाकडे करणार? डीपीएफ ‘बंद करून देणाऱ्या’ फाइलींचंही तेच. प्रदूषण रोखणारी यंत्रणा काढणं कायद्यात बसत नाही आणि त्यात गाडीमालकही अडकतो.

कंपन्या ही माहिती देतच का नाहीत?

हा प्रश्न भारतात रीतसर विचारला गेला आहे. जानेवारी २०११ मध्ये शमशेर कटारिया यांनी भारतीय स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली की कार कंपन्या सुटे भाग आणि तपासणीची साधनं बाहेरच्या गॅरेजना मिळू देत नाहीत. २५ ऑगस्ट २०१४ रोजी आयोगाने १४ कंपन्यांना दोषी धरून एकूण २,५४४ कोटी रुपयांहून अधिक दंड लावला. यात टाटा, महिंद्रा, मारुती, फोक्सवॅगन, मर्सिडीज अशी नावं होती. सुटे भाग आणि तपासणीची साधनं स्वतंत्र गॅरेजना मिळतील अशी व्यवस्था करा, असं आयोगाने सांगितलं. बाहेर दुरुस्ती केली एवढ्याच कारणाने सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अट घालू नका, असंही सांगितलं. कंपन्या अपिलात गेल्या आणि प्रकरण लांबलं.

युरोपात स्वतंत्र गॅरेजना दुरुस्तीची माहिती देणं कंपन्यांवर कायद्याने बंधनकारक आहे. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्याने २०१२ मध्ये तसा कायदा केला. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केलं, त्यात वाहन क्षेत्रही आहे. गाडीमालकासाठी ते उपयोगी आहे, पण वायरिंग डायग्रामच्या खोलीची माहिती तिथे मिळेल अशी आशा ठेवून गॅरेजचं नियोजन करू नका.

इंग्रजीची अडचण

ही सॉफ्टवेअर बहुतांश इंग्रजीतच असतात. पण डायग्राममधली चिन्हं आणि आकडे सगळीकडे सारखे असतात, आणि लागणारे शब्द शे-दोनशेच. आयटीआयच्या मोटर मेकॅनिक ट्रेडला शिकलेला पोरगा हाताशी असेल तर वाचायचं काम त्याला द्या, निदान तुम्ही करा. कनेक्टर काढण्याआधी फोटो काढा, आणि सापडलेला दोष मराठीत मॉडेलनुसार लिहून ठेवा.

तुम्ही मेकॅनिक नसून गाडीमालक असाल तर? पुढच्या वेळी चेक लाइट लागल्यावर विचारा: कोड कोणता आला, आणि पार्ट बदलण्याआधी काय मोजून बघितलं? काढलेला जुना पार्ट परत मागा. आणि मेकॅनिक “आधी तपासावं लागेल, त्याचे वेगळे पैसे होतील” म्हणाला तर लगेच नाराज होऊ नका. अंदाजाने बदललेला सेन्सर बहुतेक वेळा त्याहून महाग पडतो.