पुन्हा घेतलेला पाठ : भावनगर ते कोसबाड

गिजुभाई बधेका वकिली सोडून 1916 साली भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत आले. 1920 मध्ये त्यांनी तिथे बालमंदिर उघडले आणि पुढे पाच वर्षांनी त्याच्या जोडीला बालअध्यापन मंदिर निघाले. आधी मुले आली आणि मग शिक्षक घडवण्याचे काम सुरू झाले. हा क्रम मला फार मोलाचा वाटतो. शिकाऊ शिक्षकाने सकाळी ऐकलेली गोष्ट खरी की खोटी, हे सांगायला मुले तिथेच हजर असत.

ताराबाई मोडक या अध्यापन मंदिराच्या उभारणीत पहिल्यापासून होत्या. राजकोटला शिक्षिकांच्या ट्रेनिंग कॉलेजचे प्रमुखपद त्यांच्याकडे होते. ते सोडून त्या भावनगरला गेल्या. दुसऱ्यांना शिकवण्याची पद्धत शिकवणारी बाई स्वतः लहान मुलांत बसून नव्याने शिकू लागली, ही आपल्या शिक्षणाच्या इतिहासातली मोठी घटना आहे आणि तिचा उल्लेख व्हावा तितका होत नाही. 1926 मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. संघाची ‘शिक्षणपत्रिका’ आधी गुजरातीत निघाली, पुढे ताराबाईंनी ती मराठीतही आणली.

त्या काळच्या विचाराची वीण पाहायची तर गिजुभाईंचे ‘दिवास्वप्न’ उघडावे. पुस्तक कल्पित आहे, पण त्यातला पहिला दिवस प्रत्येक छात्राध्यापकाच्या ओळखीचा आहे. नवा शिक्षक दिवसभराचे टाचण घेऊन चौथीच्या वर्गात जातो. सुरुवातीला शांततेचा खेळ, मग स्वच्छतेची पाहणी, मग समूहगान, असा सगळा आराखडा त्याने रात्री मांडलेला असतो. खिडक्या-दारे लावून तो मुलांना शांत बसायला सांगतो. मुले आवाज काढतात, पाय आपटतात, खिदळतात आणि पाहता पाहता टाचण कोलमडते. तो मुलांना सुट्टी देऊन टाकतो आणि त्याबद्दल मुख्याध्यापकांची बोलणी खातो. घरी गेल्यावर मात्र तो मुलांना दोष देत नाही. आपण घरी ठरवलेले आणि समोरची मुले यांत अंतर पडले, एवढे तो ओळखतो. दुसऱ्या दिवशी तो गोष्ट सुरू करतो आणि कोणीही न सांगता वर्ग शांत होतो.

बी.एड.ला पाठनिरीक्षणाचे तास घेणाऱ्या प्रत्येकाने हा प्रसंग विद्यार्थ्यांबरोबर वाचावा. कारण बिघडलेला पाठ लपवायचा नसतो, हे त्यातून जितके स्पष्ट कळते तितके कोणत्याही व्याख्यानातून कळत नाही.

1936 मध्ये दादरला शिशुविहार सुरू झाला आणि ताराबाईंचे काम मुंबईत आले. तिथे काम चांगले चालले होते, पण मुले शहरातल्या सुशिक्षित घरांतली होती. खेड्यातल्या गरीब मुलांसाठी हेच शिक्षण कसे न्यायचे, हा प्रश्न घेऊन ताराबाई 1945 साली बोर्डीला गेल्या. नाशिक जिल्ह्यात आणि पुण्यात शाळामास्तरीण म्हणून वर्षे काढलेल्या अनुताई वाघ तिथे त्यांना येऊन मिळाल्या.

बोर्डीला पाठाची खरी परीक्षा झाली. माँटेसोरी पद्धतीची साधने महाग होती, म्हणून शिंपले, बिया, पाने, काड्या, माती हीच साधने झाली. आदिवासी पाड्यांवरची मुले बालवाडीत येईनात. अशा वेळी ‘पालकांना शिक्षणाचे महत्त्व कळत नाही’ असे लिहून मोकळे होता आले असते. या बायकांनी तसे केले नाही. त्या पाड्यावर गेल्या, अंगण झाडले, मुलांना आंघोळी घातल्या, केस विंचरले आणि तिथेच खेळ मांडले. अंगणवाडी अशी जन्माला आली.

1957 मध्ये बोर्डीचे हे काम कोसबाडच्या टेकडीवर हलले. तिथे वारली मुले दिवसा गुरे राखायला जात, तेव्हा शाळा त्यांच्यामागे कुरणात गेली. तीच कुरणशाळा. थोरली बहीण धाकट्याला सांभाळायला घरी राहते हे दिसल्यावर पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली गेली. या रचनेला विकासवाडी म्हटले. इथे घडणाऱ्या शिक्षिकांनी हे सारे डोळ्यांनी पाहिले. मूल येत नसेल तर आपल्या पाठाची जागा, वेळ आणि साहित्य तपासायचे, ही सवय त्यांना कामातूनच लागली. 2 ऑक्टोबर 1975 रोजी केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि ‘अंगणवाडी’ हा शब्द देशभर पोहोचला.

आपलाच पाठ असा तपासून पाहण्याला आज अध्यापक महाविद्यालयांत ‘चिंतनशील अध्यापन’ म्हणतात. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या 2014 च्या नियमांनी बी.एड. दोन वर्षांचे केले आणि शाळेतल्या प्रत्यक्ष कामाला 20 आठवडे दिले. सूक्ष्म अध्यापनाचे चक्र त्याआधीपासून आहेच: 6 मिनिटे पाठ, 6 मिनिटे प्रत्याभरण, 12 मिनिटे पुनर्नियोजन, मग पुन्हा 6 मिनिटे पाठ आणि 6 मिनिटे प्रत्याभरण. या 36 मिनिटांत सर्वांत जास्त वेळ विचार करून पाठ नव्याने मांडण्याला दिला आहे, आणि माझ्या मते तो योग्यच दिला आहे. पण मोठ्या सराव पाठांना ही सोय उरत नाही. निरीक्षकांचा शेरा ‘फलकलेखन सुधारावे’, ‘आवाज वाढवावा’ असा येतो, वहीवर सही होते आणि पुढचा पाठ वेगळ्या घटकावर, वेगळ्या वर्गात होतो. सुधारलेला पाठ घेऊन पाहण्याची संधीच मिळत नाही. वर्षअखेरीस चिंतनाची वही पूर्ण करायची म्हणून एका बैठकीत सगळ्या पाठांचे चिंतन लिहिले जाते. त्या वहीत वर्गातले मूल कुठेच नसते.

यावर उपाय आहे आणि तो आपल्या हातात आहे. प्राध्यापकांनी ठरवले तर प्रत्येक छात्राध्यापकाला किमान एक पाठ त्याच घटकावर, दुसऱ्या तुकडीत, आठवड्याच्या आत पुन्हा घेता येईल. वेळापत्रकात तेवढी जागा करावी. छात्राध्यापकांना माझे सांगणे असे: पाठ संपल्यावर निरीक्षकांचा शेरा वाचण्याआधी स्वतःच्या चार ओळी लिहा. कोणत्या प्रश्नाला हात वर झाले नाहीत, मागच्या बाकावरचे कोण खिडकीबाहेर पाहत होते, कोणत्या उदाहरणावर वर्ग जागा झाला, ते लिहा. मुलांची नावे घालून लिहा. मग टाचण पुन्हा मांडा आणि तोच पाठ परत घ्यायला मिळावा म्हणून आपल्या प्राध्यापकांकडे आग्रह धरा.