तळटीप १४ : वडूजचे मामा

१४. वडूज : सातारा जिल्ह्यातील खटाव तालुक्याचे मुख्य ठिकाण. येथील मामलेदार कचेरीवर ९ सप्टेंबर १९४२ रोजी गेलेल्या मोर्चावर पोलिसांनी गोळीबार केला व परशुराम घार्गे यांच्यासह नऊ जण हुतात्मा झाले. त्या मोर्चात चाललेले लेखकाचे मामा मेंदूचा झटका येऊन गेल्यावर हुकुमावाचून घासही उचलीत नसत, हे वैराग्य नव्हे आणि, गावाने ठरविला तसा, आळसही नव्हे. कपाळामागील मस्तिष्कखंडाची आतली बाजू व मेंदूच्या गाभ्यातील केंद्रके यांना जोडणाऱ्या मज्जातंतूंच्या जाळ्यात, डोपामीन या द्रव्याच्या साहाय्याने, अपेक्षित फळ कष्टांच्या मोलाचे आहे की नाही याचा हिशेब होऊन कृतीस चालना मिळते. रक्तपुरवठा तुटून अथवा कंपवाताने हे जाळे क्षीण झाले, म्हणजे अंगी बळ व बुद्धी शाबूत असूनही मनुष्य आपण होऊन काही आरंभीत नाही, मात्र कोणी सांगताच तेच काम बिनतक्रार करतो. विषादातील व्यथा अशा रुग्णास बहुधा नसते. सबब मामांच्या ‘बरे आहे’ या उत्तरावर लेखकाने घेतलेला संशय अनाठायी वाटतो. — संपा.