हिंगणघाटचा कापूस आणि ‘आळशी’ कामगार

१/ १९१० च्या सुमारास अमेरिकेतील न्यू इंग्लंडच्या कापडगिरणीत एक कामगार जेवढे काम करी, तेवढ्यासाठी भारतात जवळजवळ सहा माणसे लागत. यंत्रे मात्र बरीचशी सारखीच होती. आर्थिक इतिहासकार ग्रेगरी क्लार्क यांनी १९८७ मध्ये ही तुलना मांडली. मग तफावत कशामुळे?

२/ वसाहतकाळात एक उत्तर सर्रास दिले जाई: हिंदी कामगार आळशी, शेतकरी अडाणी. क्लार्क यांचाही रोख कामगारांच्या कार्यसवयींकडेच आहे. वर्धा जिल्ह्याचा इतिहास वेगळे काही सुचवतो.

३/ वणा नदीकाठचे हिंगणघाट ‘बनी’ या तलम कापसासाठी प्रसिद्ध होते. अमेरिकी यादवीने (१८६१–६५) लँकशायरचा कापूस तोडला, तेव्हा इंग्रजांचे लक्ष इकडे वळले. कापूस आयुक्त रिव्हेट-कार्नॅक यांनी हा वाण जपण्याचे प्रयत्न केले.

४/ तरीही विसाव्या शतकाच्या आरंभी आखूड, जाड्याभरड्या धाग्याच्या ‘जरी’ने ‘बनी’ला मागे सारले. ‘जरी’ काटक होती आणि तिच्या रुईचा उतारा अधिक होता. बाजारात दोन्ही कापूस मिसळले जात. तलमपणाचा वाढीव भाव शेतकऱ्याच्या हाती क्वचितच पडे. त्याची निवड अडाणीपणाची नव्हती, हिशेबाची होती.

५/ हिंगणघाटला १८८१ मध्ये गिरणी उभी राहिली. आखूड धाग्याचे सूत वारंवार तुटते आणि ते सांधायला माणसे लागतात. भारतात मजुरी इतकी कमी होती, की महागड्या यंत्रापेक्षा आणखी चार हात परवडत. अमेरिकेत मजुरी महाग होती, म्हणून तिथे १८९० च्या दशकात नॉर्थ्रॉपचा स्वयंचलित माग पसरू लागला.

६/ हे विधिलिखित होते काय? जपान १९१० मध्ये भारताच्याच पातळीवर होता. पुढच्या पंचवीस वर्षांत तिथल्या गिरण्यांनी कामाची फेररचना केली, एका विणकराकडचे माग वाढवले. १९२४ मध्ये टोयोडाचा स्वयंचलित मागही आला. १९३० च्या दशकात जकात वाढवूनही जपानी कापड भारतीय बाजारात टिकून राहिले.

७/ यंत्र बोटीतून आणता येते. ते अधिक फलदायी करण्याची निकड बोटीतून येत नाही. ती मजुरी, भाव आणि धोरण यांतून निर्माण होते. म्हणून एखादा समाज ‘मागास’ आहे असे वाचाल, तेव्हा आधी विचारा: तिथे अधिक चांगले काम करणाऱ्याच्या पदरात काय पडत होते?