पेटंटचा कागद आणि नांगराचा फाळ



गावच्या सुताराने पाभरीला एखादी नवी युक्ती बसवली, म्हणजे पहिल्या हंगामात तिचे सगळीकडे कौतुक होते. दुसऱ्या हंगामात शेजारच्या गावचा सुतार तीच युक्ती उचलतो. हे नको, म्हणून पुष्कळ कारागीर आपली हिकमत झाकून ठेवतात. मुलालादेखील ती अगदी शेवटी सांगतात, आणि कधी कधी तेवढीही सवड मिळत नाही. कारागीर जातो आणि त्याच्याबरोबर त्याची विद्याही जाते. या दोन्ही नुकसानींवर कायद्याने जो तोडगा काढला, त्याचे नाव पेटंट. सरकारी मराठीत त्यालाच एकस्व म्हणतात.

पेटंट म्हणजे काय, तर शोधक आणि समाज यांच्यातला सौदा. शोधकाने आपली युक्ती आकृत्यांसह, काही हातचे न राखता, लिहून द्यायची. बदल्यात सरकार त्याला सांगते, की अमुक वर्षे तुझ्या परवानगीवाचून ही वस्तू दुसऱ्या कोणी करायची नाही. मुदत संपली, की ती विद्या सगळ्यांची.

आपल्या देशात असा पहिला कायदा १८५६ साली झाला. त्या कायद्याखाली पहिला अर्ज कोणत्या शोधाचा होता, ठाऊक आहे? पंखा ओढण्याच्या यंत्राचा! कलकत्त्याचे जॉर्ज आल्फ्रेड डीपेनिंग यांनी तो केला होता. साहेबाच्या डोक्यावरचा कापडी पंखा दोरीने ओढायला माणूस बसवावा लागे; ते काम यंत्राने व्हावे, अशी ती योजना. पण या कायद्याला विलायतेची आगाऊ मंजुरी घेतलेली नव्हती, म्हणून तो रद्द झाला आणि १८५९ साली नवा करावा लागला. पुढे १९११ चा पेटंट आणि डिझाइन कायदा आला. त्याची कचेरी कलकत्त्याला आणि मुदत चौदा वर्षांची. १९३० साली ती सोळा झाली. आता विचार करा, कऱ्हाड-मलकापूरकडच्या कारागिराने त्या काळी आपला हक्क मागायचा, तर इंग्रजीत तपशील, मापाच्या आकृत्या, फी आणि कलकत्त्याशी पत्रव्यवहार! दार उघडे होते खरे, पण ते फार लांब होते.

त्या दारातून आत गेलेला एक मराठी माणूस म्हणजे शंकर आबाजी भिसे. १८६७ साली मुंबईत त्यांचा जन्म झाला. वाणसामान आपोआप तोलून देणारे यंत्र त्यांनी योजले आणि लंडनच्या एका नियतकालिकाच्या स्पर्धेत पहिले बक्षीस मिळवले. मग ते विलायतेला गेले. तिथे दादाभाई नौरोजींनी त्यांना हात दिला. घरगुती वापराच्या साधनांपासून जाहिरातीच्या दिव्यांच्या पाट्यांपर्यंत त्यांचे डोके सगळीकडे चाले. दोनशेच्या आसपास शोध त्यांच्या नावावर सांगतात आणि त्यांतल्या चाळीसेकांची पेटंटे.

त्यांचे मोठे काम छापखान्याचे. छापायचे तर अक्षरांचे खिळे लागतात, आणि हे खिळे शिसे, अँटिमनी व कथील यांच्या मिश्रधातूचे ओतावे लागत. हे ओतकाम झपाट्याने करणारे ‘भिसोटाइप’ यंत्र त्यांनी केले. पण यंत्राचा नमुना करणे निराळे आणि ते शेकड्यांनी बनवून छापखान्या-छापखान्यांतून पोचवणे निराळे. त्याला भांडवल हवे. १९१० साली रतन टाटांच्या साहाय्याने ‘टाटा-भिसे सिंडिकेट’ निघाले. पुढे पहिले महायुद्ध आले आणि तो उद्योग थांबला. भिसे अमेरिकेला गेले, तिथेही शोध लावीत राहिले आणि १९३५ साली न्यूयॉर्कला वारले. हक्काचे कागद त्यांच्यापाशी होते; त्या कागदांना पेलणारा कारखाना मात्र मायदेशात उभा राहू शकला नाही.

आता आपल्याच भागात या. कऱ्हाडहून मिरजेकडे निघालेल्या गाडीत बसले, की वाटेत किर्लोस्करवाडी लागते. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये यांत्रिक चित्रकला शिकवीत. पुढे बेळगावला त्यांनी सायकलींचे दुकान घातले, मग कडबा कापण्याची यंत्रे केली आणि मग लोखंडी नांगर. लोखंडी नांगर ही मूळ कल्पना त्यांची नव्हे. असे नांगर विलायतेत आधीपासून होते. अडचण होती ती इथल्या शेतकऱ्याच्या मनाची. लोखंडाने जमिनीला विष चढेल, असे लोक म्हणत. पहिला नांगर खपायला दोन वर्षे लागली म्हणतात! पण लक्ष्मणरावांनी चिकाटी सोडली नाही. १९१० साली औंधच्या पंतप्रतिनिधींनी कुंडल रोड स्टेशनजवळ जागा दिली आणि त्या माळावर कारखाना उभा राहिला. नांगर विकला म्हणजे संपले, असे नसते. फाळ झिजला तर नवा मिळाला पाहिजे, आणि तो जवळपास मिळाला पाहिजे. शेतकऱ्याचा विश्वास बसतो तो यावर.

कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीचेही तसेच. तिथला काचकारखाना १९१६ चा. त्याचा ‘प्रभाकर’ कंदील घरोघरी गेला. इथे एक फरक ध्यानात ठेवण्याजोगा आहे. कंदिलात काही नवी रचना असेल, तर तिचे रक्षण पेटंट करते. ‘प्रभाकर’ या नावाचे रक्षण करतो तो व्यापारचिन्हाचा कायदा, आणि तो निराळा. पेटंट मुदतीने संपते. नाव मात्र, मालाने लाज राखली आणि नोंदणी चालू ठेवली, तर पिढ्यान् पिढ्या टिकते.

मग कागद मोठा की कारखाना? कागद नसेल तर कारागिराचे श्रेय आणि कमाई दोन्ही जातात. पण कागद काही शेत नांगरीत नाही. भिशांच्या आयुष्यात एक बाजू लंगडी राहिली, त्याचे मोल त्यांना आणि आपल्यालाही मोजावे लागले.

आज पेटंटची मुदत अर्जाच्या तारखेपासून वीस वर्षे आहे आणि अर्ज मुंबईच्या कचेरीतही करता येतो. पण एक जुना नियम कायम आहे, बरं का! शोध नवा असला पाहिजे. अर्ज करण्याआधीच तो चारचौघांत मांडला, तर बहुधा हक्क गेलाच म्हणून समजा. तेव्हा आधी लिहा, मग दाखवा.

आणि शिक्षकबंधुभगिनींना एक विनंती. वर्गातल्या एखाद्या मुलाने घरच्या पाभरीत नाहीतर मोटेच्या जुन्या चाकात काही युक्ती केली, तर शाबासकी देऊन थांबू नका. तिची आकृती त्याच्याकडून मापाने काढून घ्या आणि खाली तारीख घालायला लावा. लक्ष्मणराव चित्रकलाच शिकवीत होते, हे विसरू नका. जी युक्ती कागदावर मापात उतरते, तीच दुसऱ्याच्या हाताला करता येते.