सरबतातला हिरा

हिऱ्याची पूड खाल्ली की माणूस मरतो, असं आमची आजी छातीठोकपणे सांगायची. हिरा हे रासायनिक विष नाही हे मी पुढे शाळेत शिकवलं, पण ही समजूत किती खोल होती ते बडोद्याचं प्रकरण वाचताना कळलं.

9 नोव्हेंबर 1874. बडोद्याचे रेसिडेंट कर्नल फेअर सकाळी फिरून आले. नेहमीप्रमाणे पपनसाचं सरबत ठेवलेलं होतं. दोन-तीन घोट घेतले, चव बरी लागेना म्हणून उरलेलं फेकून दिलं, आणि मग पेल्याच्या तळाशी गाळ दिसला. तपासात त्यात सोमल आणि हिऱ्याची पूड निघाल्याचं सांगण्यात आलं. संशय थेट मल्हारराव गायकवाडांवर! फेअर आणि महाराजांचं मुळीच पटत नव्हतं. फेअर यांना बदला, असं महाराजांनी व्हाइसरॉयला नुकतंच कळवलंही होतं. आता गंमत बघा, जो माणूस जायच्या बेतात आहे त्याला विष कशाला घालायचं? आणि घातलंच नसेल, तर गाळ आला कुठून?

जानेवारी 1875 मध्ये महाराजांना अटक झाली आणि फेब्रुवारीत चौकशी आयोग बसला. तीन इंग्रज, आणि शिंदे, जयपूरचे महाराज व सर दिनकरराव राजवाडे असे तीन हिंदी. बचावासाठी लंडनहून सार्जंट बॅलंटाइन आले, टिचबोर्न खटल्यात गाजलेले. मुख्य साक्षी रेसिडेन्सीचा नोकर रावजी आणि महाराजांचे चिटणीस दामोदरपंत यांच्या. दोघेही माफीचे साक्षीदार. बॅलंटाइननी त्यांची उलटतपासणी घेतली आणि ती तारेनं मुंबईला पोचून छापून येऊ लागली. मराठी मुलूख दोन तट करून वाचत होता. अँग्लो-इंडियन पत्रांना महाराज आधीच दोषी वाटत होते, देशी पत्रांना हा सरळ राज्य गिळण्याचा डाव वाटत होता. पुरावा वाचायला सवड कोणाला होती?

आयोगाचं मत फुटलं, तीन विरुद्ध तीन. इंग्रज म्हणाले दोषी, हिंदी सदस्यांना आरोप सिद्ध झाला असं वाटलं नाही. तरी एप्रिलमध्ये महाराजांना पदच्युत केलं, ते विषाबद्दल नव्हे, तर गैरकारभाराबद्दल! गैरकारभार होताच, ते नाकारता येत नाही.

हे वाचताना मला आमच्या भिवंडीतली एक गोष्ट आठवते. एका शाळेत खिचडी खाऊन मुलांना उलट्या झाल्या. दुसऱ्या दिवशी एका स्थानिक पत्रात मथळा : 'खिचडीत विष?' त्या प्रश्नचिन्हाची सोय मोठी! स्वयंपाकीण बाईंचं नाव गल्लीसकट छापलेलं. पुढे दोष पाण्याच्या टाकीचा निघाला. तो छापून आला नाही. मी स्वतः संपादकांकडे जाऊन आलो. ते म्हणाले, "मास्तर, आता ती बातमी जुनी झाली."

मल्हाररावांना मद्रासला नेऊन ठेवलं. तिथेच 1882 मध्ये ते वारले. आणि आमच्या त्या बाई पुन्हा शाळेत आल्या नाहीत. मुलं मात्र बरेच दिवस विचारत होती, बाई कुठे गेल्या म्हणून.