बीडचे शेवटचे वाक्य

कॅथीड्रल-दर्शनाच्या सहलीत डरहॅमच्या वाट्याला दीड तास आला. १०९३ साली बांधायला घेतलेल्या या वास्तूचे अजस्र खांब मंडळी न्याहाळत होती. मी गॅलिली चॅपलमध्ये, संत बीडच्या थडग्यापाशी थांबले. इंग्लंडचा हा आद्य इतिहासकार ७३५ साली वारला. शेवटच्या दिवसांत तो योहानाच्या शुभवर्तमानाचे इंग्रजी भाषांतर सांगत होता. एक वाक्य राहिलेय, असे लेखनिक मुलगा म्हणाला. बीडने तेही पुरे केले. सोळाव्या शतकात त्याची समाधी मोडली, पण अस्थी तिथेच पुरल्या गेल्या. भाषांतराची मात्र एक ओळही उरली नाही. प्रकाशक मिळेना म्हणून मी एक भाषांतर अर्धवट टाकले होते. परतल्यावर ते पुन्हा उघडले.